शिडाची विद्या आणि यंत्राची विद्या

तारीख १८ ऑगस्ट २०२२ रोजी रायगड जिल्ह्यातील हरिहरेश्वराच्या किनाऱ्यास एक निर्मनुष्य नौका येऊन लागली. तिची लांबी सुमारे १६ मीटर, नाव 'लेडी हान'. आणि तिच्यात तीन एके-४७ रायफली व काडतुसे सापडली. १९९३ साली याच श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडीस स्फोटके उतरविली गेली होती व त्यांचे भयंकर फळ मुंबईस भोगावे लागले होते; तेव्हा या बातमीने सर्वत्र धडकी भरावी, हे स्वाभाविकच होते. त्याच दिवशी उपमुख्यमंत्र्यांनी विधिमंडळात खुलासा केला तो असा : मस्कतहून युरोपकडे निघालेल्या या नौकेचे इंजिन २६ जून रोजी भर समुद्रात बंद पडले, तिच्यावरील माणसांस एका कोरियन युद्धनौकेने वाचवून ओमानच्या स्वाधीन केले, समुद्र खवळलेला असल्यामुळे नौका मात्र ओढून नेता आली नाही, आणि ती प्रवाहाबरोबर वाहत हरिहरेश्वरास आली. घातपाताची भीती ओसरली आणि वृत्तपत्रांनी तो विषय सोडला. आमच्या मते विचार करण्याजोगी गोष्ट तेथूनच पुढे सुरू होते.

२६ जून ते १८ ऑगस्ट हे ५३ दिवस ही नौका कोणाच्याही हातात नव्हती. तिला आणले ते नैर्ऋत्येकडील पावसाळी वाऱ्याने व त्याच्या जोराने वाहणाऱ्या पाण्याने. हा वारा काही आजचा नव्हे. ख्रिस्ती शकाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस' नामक ग्रंथात मिसर देशाचे व्यापारी जुलैच्या सुमारास निघून याच वाऱ्याच्या आधारे हिंदुस्थानास येत, असे सांगितले आहे. आणि त्यात पश्चिम किनाऱ्यावरील जे 'मंदगोर' बंदर येते ते म्हणजे हरिहरेश्वरासमोरचे बाणकोट होय, असे काही विद्वानांचे मत आहे. म्हणजे जी वाट प्राचीन नाविकांनी शिडाच्या विद्येने साधली, तीच वाट यंत्राची एक नौका मेलेल्या ओंडक्याप्रमाणे चालून आली. यात तिच्यावरील माणसांस दोष देण्याचा आमचा हेतू नाही. जिचे सारे सामर्थ्य यंत्रात साठविलेले, ती नौका यंत्र थांबल्यावर दुसरे काय करणार? परंतु या प्रसंगाने एक जुना प्रश्न नव्याने पुढे येतो. शिडाची नौका हाकणाऱ्याचे शिक्षण आणि वेगवान यंत्रनौका चालविणाऱ्याचे शिक्षण यांत भेद तो कोणता? आणि पहिल्याकडून दुसऱ्याकडे जाताना या किनाऱ्याने मिळविले काय व गमावले काय?

प्रथम शिडाची विद्या पाहू. हरिहरेश्वर हे सावित्री नदीच्या मुखाशी वसलेले क्षेत्र. पेशव्यांचे कुलदैवत म्हणून इतिहासात प्रसिद्ध. येथील प्रदक्षिणेचा मार्ग डोंगराच्या पायथ्याशी समुद्राच्या खडकावरून जातो व तो ओहोटीच्या वेळीच चालता येतो. देवाच्या प्रदक्षिणेसही जेथे पाण्याची वेळ विचारावी लागते, तेथील नावाड्याने ती विद्या हाडीमाशी मुरवली असावी यात नवल नाही. कोकणच्या कोळ्यास भरतीची वेळ पाहण्यासाठी छापील कोष्टक लागत नसे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास निघतो : चतुर्थीस तीनच्या सुमारास, अष्टमीस सहाच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येस उधाण, अष्टमीच्या आगेमागे भांग. पहाटे जमिनीवरून सुटणारा मतलई वारा नौकेस बाहेर नेतो, दुपारचा खारा वारा तिला घरी आणतो. नदीच्या मुखाशी वाळूचा दांडा कोठे सरकला आहे, हे लाटेच्या फुटण्यावरून कळते. हे सारे ज्ञान कोणत्याही शाळेत शिकविले जात नव्हते. आठ-दहा वर्षांचा पोर नौकेवर जाई तो भात रांधण्यास व तळाचे पाणी उपसण्यास. पुढे दोर हाती येई, मग शीड, मग सुकाणू. आणि अनेक पावसाळे पाहून झाल्यावर त्यातील एखादाच तांडेल होई.

या शिक्षणाचे मर्म असे की, शिडाच्या नौकेस आपल्या इच्छेप्रमाणे सरळ जाता येत नाही. वारा समोरून असेल तर तिला एकदा या बगलेस व एकदा त्या बगलेस तिरपे जात, नागमोडी वाटेने मुक्काम गाठावा लागतो. चार मैलांच्या अंतरासाठी सहा-सात मैल कापावे लागतात. म्हणून निघण्यापूर्वीच तांडेलास विचार करावा लागे : वारा केव्हा फिरेल, फिरला तर आश्रय कोठे, भरती संपण्यापूर्वी खाडीत शिरता येईल की नाही. प्रसंगी न निघणे हाही त्याच्या विद्येचाच भाग होता. मृग लागण्यापूर्वी गलबते किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवायची व नारळी पौर्णिमेस समुद्रास नारळ अर्पण करून पुन्हा लोटायची, हा नियम त्या विचारातूनच आला. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त आरमाराचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातही पावसाळा लागण्यापूर्वी आरमार कोणत्या बंदरी न्यावे व कसे ठेवावे याचा बारकाईने विचार केला आहे. लढाऊ माणसांचा राजकारणी पुरुषही समुद्राविषयी लिहू लागला की वाऱ्याचीच भाषा बोलतो, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

यावरून जुन्या लोकांस वेगाचे महत्त्व ठाऊक नव्हते, असे मात्र कोणी समजू नये. आंग्र्यांच्या आरमारात दोन जातींच्या नौका मुख्य होत. गुराब ही दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, दीडशेपासून तीनशे टनांपर्यंतची मोठी नौका; तिच्या नाळेवर तोफा असत. दुसरी लहान व चपळ नौका, जिला इंग्रज लेखक 'गॅलिवॅट' म्हणतात. तिला शिडेही असत व चाळीस-पन्नास वल्हीही असत. वारा पडला की परक्यांची मोठमोठी जहाजे जागच्या जागी खिळून राहत. अशा वेळी या वल्ह्यांच्या नौका गुराबांस दोर लावून ओढीत, त्यांस शत्रूच्या पिछाडीस नेऊन उभ्या करीत, व तेथून तोफा चालत. म्हणजे वारा असता शीड व वारा नसता मनगट, अशी ही दुहेरी विद्या होती. आणि एकच माणूस दोन्ही कामे जाणत असे. त्या काळची वेगवान नौका तीच. फरक एवढाच की तिचे यंत्र म्हणजे माणसे होती, आणि जी माणसे वल्ही मारीत तीच वारा ओळखीत.

१७५५ साली कमोडोर जेम्स याने सुवर्णदुर्गावर स्वारी केली तेव्हाचा एक प्रसंग इंग्रज इतिहासकारांनी नमूद केला आहे. जेम्सने आंग्र्यांच्या नौकांचा दक्षिणेकडे पाठलाग केला. वारा मंद होता. आंग्र्यांच्या खलाशांनी नौका हलक्या करण्यासाठी सामान समुद्रात टाकून दिले, असतील नसतील ती शिडे उभारली, आणि तेवढ्याने भागेना तेव्हा अंगावरची वस्त्रे व डोक्यावरची पागोटीही वाऱ्यावर पसरली. त्या दिवशी त्यांनी पाठलाग चुकविला. पागोट्यात वाऱ्याची झुळूक पकडण्याची ही बुद्धी आयत्या वेळी कोणी शिकवून येत नाही. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचे आरमार जळाले. ते जाळण्यास पेशव्यांचे साहाय्य होते, आणि त्याच वर्षीच्या तहाने बाणकोट कायमचे इंग्रजांकडे गेले. या घटनेची राजकीय हानी आपल्या इतिहासकारांनी पुष्कळ वर्णिली आहे. शिक्षणाच्या दृष्टीने झालेली हानी तितकीच मोठी होती. लढाऊ नौकानयनाची या किनाऱ्यावरील सर्वांत मोठी शाळा त्या आगीत नष्ट झाली.

तथापि व्यापाराचे शीड त्यानंतरही शंभर वर्षे टिकून राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोकणच्या बंदरांस आगबोटी येऊ लागल्या आणि दोन विद्या प्रथमच समोरासमोर आल्या. आगबोट वाऱ्यास विचारीत नसे. तिचे वेळापत्रक छापलेले असे. रत्नागिरी-कुलाब्याची हजारो मुले मुंबईस जाऊन शिकली, नोकरीस लागली, गणपतीस घरी आली ती या आगबोटींनी. हा उपकार लहान नव्हे. परंतु बहुतेक बंदरांत आगबोट किनाऱ्यास लागू शकत नसे. ती दूर उभी राही आणि उतारूंस पडावांतून ने-आण करावी लागे. शेवटचा मैल, जेथे लाट फुटते व खडक पाण्याखाली असतो, तो जुन्या नावाड्याच्याच हाती राहिला. आगबोटीवर कामाची वाटणी झाली : वर सुकाणू धरणारा, खाली आग धगधगती ठेवणारा. खालच्यास समुद्र दिसत नसे. वरच्यास यंत्र दिसत नसे. तांडेलाच्या एका मस्तकात जे एकवटले होते ते दोन मजल्यांवर विभागले गेले.

ही वाटणी निभावते ती दोहोंच्यावर पूर्ण शिक्षित असा अधिकारी असेल तर. पण हिंदी तरुणांस अशा अधिकाऱ्याचे शिक्षण देण्यासाठी मुंबई बंदरात 'डफरिन' हे शिक्षणजहाज सुरू झाले ते १९२७ साली. म्हणजे आगबोटी किनाऱ्यावर रुळून दोन पिढ्या उलटल्यानंतर. त्याच वर्षी नोव्हेंबरात 'जयंती' ही कोकण किनाऱ्यावरील आगबोट बुडाली. पुढे १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्यास एक महिना उरला असता, मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' ही बोट भर पावसात उलटली व सहाशेंहून अधिक माणसे प्राणास मुकली. आषाढातील अमावास्येचा तो सुमार. ज्या दिवसांत जुना तांडेल खुंटीवरचे शीड काढीत नसे ते हे दिवस. वेळापत्रक मात्र चालू होते. बुडणाऱ्यांपैकी कित्येकांस वाचविले ते रेवसकडच्या कोळ्यांनी, आपल्या लहान होड्या त्या लाटांत घालून. यंत्र वाईट होते असे यावरून सिद्ध होत नाही. यंत्राने माणसास असा एक समज दिला की आता आकाशाकडे पाहण्याचे कारण उरले नाही. आणि तो समज वाईट होता.

स्वातंत्र्यानंतर मासेमारीच्या होड्यांतही यंत्रे बसू लागली. १९६३ साली केंद्र सरकारने कोचीस मत्स्यव्यवसायाच्या नौकांसाठी शिक्षणसंस्था काढली. तिचे दोन मुख्य अभ्यासक्रम ध्यानात घेण्याजोगे आहेत. एक नौका हाकणाऱ्याचा, दुसरा यंत्र सांभाळणाऱ्याचा. येथेही तीच वाटणी कायम झाली. परंतु निदान दोन्ही विद्यांस शिक्षण लागते, हे मान्य झाले.

आता वेगवान नौकांकडे वळू. त्यांची विद्या हलकी आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. शिडाची नौका पाणी कापीत जाते. तिचा वेग ताशी पाच-सहा सागरी मैलांचा. वेगवान नौका काही मर्यादेनंतर पाण्यावर उचलली जाऊन त्याच्या पृष्ठभागावरून घसरत धावते. तिचा वेग ताशी तीस मैल सहज असतो. पहिली एक मैल चालण्यास बारा मिनिटे घेते, दुसरी दोन. समोर दुसरी नौका दिसल्यावर विचार करण्यास शिडाच्या नावाड्यास जो अवकाश मिळतो त्याचा थोडाच हिस्सा या चालकास मिळतो. म्हणून त्याची विद्या निराळी आहे : लाटेवर नौका कोणत्या कोनात घ्यावी, वळताना वेग किती उतरवावा, पंखा फिरत असता पाण्यातील माणसाजवळ कसे जाऊ नये, यंत्र बंद करणारी दोरी आपल्या अंगास बांधल्यावाचून कळ कशी पुढे करू नये, म्हणजे आपण फेकले गेलो तरी नौका इतरांवर धावून जाणार नाही. आरमारी नियमही हा भेद जाणतात. समुद्रावरील टक्कर टाळण्याचे जे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली ठरले, त्यांप्रमाणे सामान्यतः यंत्राच्या नौकेने शिडाच्या नौकेस वाट द्यावयाची आहे. कारण ज्याच्या हाती सामर्थ्य अधिक, त्याच्यावर जबाबदारी अधिक.

पण शिक्षणाचा काळ पाहिला तर प्रमाण उलटे दिसते. इंग्लंडातील नौकाविहाराची जी राजमान्य संस्था आहे तिचा यंत्रनौकेचा प्रचलित अभ्यासक्रम दोन दिवसांचा आहे. शिडाच्या नौकेचे नेतृत्व दिवसा व ओळखीच्या पाण्यात करण्याचा अभ्यासक्रम पाच दिवसांचा, आणि तोही पूर्वानुभव असलेल्यास. शिडाची नौका निष्काळजी माणसास चालूच देत नाही. शीड फडफडते व ती उभी राहते. यंत्राची नौका कोणाच्याही हाताने धावू लागते. तिला चालविण्यास दोन दिवस पुरतात यात खोटे काही नाही. परंतु ती कोठे, केव्हा व किती वेगाने चालवू नये हे दोन दिवसांत येत नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात, इंजिनाची चाचणी चाललेली नौदलाची एक वेगवान नौका ताबा सुटून घारापुरीकडे जाणाऱ्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली व १५ जण मृत्यू पावले. कसलेल्या दलाच्या नौकेच्या बाबतीतही जेथे असे घडते, तेथे सुट्टीच्या दिवशी पर्यटकांस भरधाव फिरवून आणणाऱ्या किनाऱ्यावरील पोरांची काळजी आपण किती वाहावयास हवी!

दुसरा प्रसंग याहून दारुण आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर चालून आलेल्या हल्लेखोरांनी 'कुबेर' ही गुजरातची मासेमारी नौका पकडली. त्यांच्याजवळ उपग्रहाच्या साह्याने वाट दाखविणारे यंत्र होते. तरीही त्यांनी इतर खलाशांस मारले आणि तांडेलास जिवंत ठेविले. मुंबई दृष्टिपथात येईपर्यंत नौका त्याच्याकडून हाकविली, व मग त्याचा प्राण घेतला. तांडेलाची किंमत शत्रूस कळली होती. आपणास ती कितपत कळली आहे? त्या हल्ल्यानंतर किनाऱ्यावरील पोलिसांस वेगवान नौका मिळाल्या. परंतु सागरी पोलिसांस शिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था गुजरातेत ओखा येथे सुरू झाली ती २०१८ साली, दहा वर्षांनी. 'डफरिन'च्या वेळी जे घडले तेच पुन्हा घडले : नौका आधी आली, विद्या मागाहून.

येथे कोणी म्हणेल की हा सारा जुन्याचा मोह आहे. शिडाची गलबतेही वादळात बुडतच होती, आणि तांडेल बसून राहिला म्हणून उपासमारही होत होती. हे आम्हास मान्य आहे. यंत्रनौकेने आजारी माणूस वेळेवर रुग्णालयात पोहोचतो, वादळाची सूचना मिळताच होडी घरी परतते, बुडत्यास हात मिळतो. शीड पुन्हा उभारून व्यापार करावा असे आम्ही सुचवीत नाही. परंतु क्षेपणास्त्रांच्या या युगात भारतीय नौदलाने १९९७ साली 'तरंगिणी' हे शिडाचे जहाज उमेदवारांच्या शिक्षणासाठी मुद्दाम का बांधून घेतले, याचा विचार व्हावा. गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० साली एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. गोव्यातच बांधलेल्या 'तारिणी'तून २०१७-१८ साली नौदलाच्या सहा स्त्री-अधिकाऱ्यांनी तोच पराक्रम केला. हे सारे अधिकारी यंत्राची जहाजे बाळगणाऱ्या नौदलातील. त्यांस शिडावर पाठविले जाते ते वारा, पाणी व आपली स्वतःची मर्यादा यांची ओळख व्हावी म्हणून. ती ओळख पडद्यावरील आकड्यांनी होत नाही.

नौदल जे करू शकते ते आपल्या किनाऱ्यास अशक्य नाही. हरिहरेश्वर, श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड या गावी आज प्रवाशांची गर्दी असते व वेगवान नौका वाढत आहेत. त्या चालविणाऱ्या तरुणांपैकी पुष्कळ जण तांडेलांचेच नातू आहेत. त्यांस परवाना देण्यापूर्वी एक हंगाम वल्ह्याच्या व शिडाच्या होडीवर काम करावयास लावावे. तिथीवरून भरती सांगता आली पाहिजे, यंत्र बंद करून होडी किनाऱ्यास आणता आली पाहिजे, आणि कोणत्या दिवशी निघू नये हे कारणासह सांगता आले पाहिजे, अशी परीक्षा ठेवावी. शिकविण्यास जुने तांडेल नेमावे व त्यांस शिक्षकाचे वेतन द्यावे. त्यांच्यापैकी बहुतेकांनी आपले ज्ञान कागदावर लिहिलेले नाही. ज्यांनी केवळ शिडावर खाडीबाहेर जाऊन दिवस काढले अशी माणसे आज सत्तरी-ऐंशीची आहेत, आणि त्यांची संख्या दर पावसाळ्यास कमी होत आहे. हे काम करावयाचे असेल तर त्यांच्या हयातीतच केले पाहिजे.